मधमाशीच्या पोटातील होकायंत्र



गेल्या अंकात मधपेट्यांच्या कामाची माहिती वाचून आपल्यापैकी काहींनी पत्रे पाठवली. बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता. मोबाइलच्या टॉवरमुळे मधमाश्यांना दिशा कळेनाशी होते, त्या घरी परतत नाहीत, असे सगळीकडे ऐकू येते. आता डोंगरातल्या पाड्यांवरही टॉवर उभे राहिले आहेत. मग आम्ही दिलेल्या पेट्या रिकाम्याच राहायच्या काय?

प्रश्न रास्त आहे. एका कुटुंबाने पेटी घ्यायची म्हणजे वर्षभर तिच्याकडे लक्ष द्यायचे, पावसाळ्यात पाक करून घालायचा, मुंग्यांपासून राखायची. एवढे करून माश्या गेल्या तर ते कुटुंब पुन्हा पेटीच्या वाटेला जात नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि निवृत्तीनंतर सुरगाणा तालुक्यातील काही पाड्यांवर या पेट्यांची पाहणी करते, म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. एका ओळीत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून हे उत्तर पुरे होणार नाही. कारण या बोलण्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे: मधमाशीला पृथ्वीचे चुंबकत्व खरोखरच जाणवते. ते कसे जाणवते आणि किती जाणवते हे आधी समजून घेतले, तर टॉवरचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

पृथ्वी हा एक मोठा पण फार मंद लोहचुंबक आहे. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण वळते ती त्यामुळेच. शास्त्रज्ञ हे बळ नॅनोटेस्ला या मापात मोजतात. आपल्या महाराष्ट्रात ते चाळीस हजारांच्या थोडे वर भरते. आकडा मोठा वाटला तरी बळ अगदी थोडे आहे; फ्रिजच्या दाराला चिकटवायचा साधा चुंबक जवळून याच्या शंभरपट असतो. शिवाय हे बळ स्थिर नसते. दिवस चढतो तसे ते काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होते, आणि सूर्यावर वादळ उठले की एकदम हेलकावते.

हे मोजण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी ठेवल्या जात. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या मोठ्या वादळाचा परिणाम पृथ्वीवर झाला, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण उमटली. जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने उपकरणे बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली, आणि तिथे उपकरणांच्या इमारतीत लोखंड येऊ नये याची काळजी घेतली. विजेमुळे चुंबकीय मापन बिघडते ही शंका काही आजची नाही, एवढ्यासाठी हे सांगितले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जाणत्या माणसांनी त्यासाठी सगळे बिऱ्हाड हलवले होते.

आता माशीकडे येऊ.

मधमाश्यांचा नाच आपल्यातील पुष्कळांना ऐकून माहीत असेल. ऑस्ट्रियात जन्मलेले संशोधक कार्ल फॉन फ्रिश यांनी तो उलगडला आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फुलोरा सापडलेली कामकरी माशी पेटीत परत येते, उभ्या पोळ्यावर चढते आणि पोट थरथरवत सरळ रेषेत थोडी चालते. मग एका बाजूने वळून पुन्हा सुरुवातीच्या जागी येते आणि तेच पुन्हा करते. ती चाल सरळ वरच्या दिशेने असेल तर ‘सूर्याच्या दिशेने जा’ असा अर्थ. उभ्या रेषेपासून उजवीकडे चाळीस अंश कललेली असेल तर ‘सूर्याच्या उजवीकडे चाळीस अंशांवर जा’. थरथर जितकी लांबते तितके फूल दूर. पेटीत काळोख असतो. भोवतीच्या माश्या हा नाच डोळ्यांनी पाहत नाहीत. नाचणारीच्या अंगाला मिशा लावून तो समजून घेतात.

फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी हेर्मान मार्टिन यांच्यासोबत १९६०च्या दशकात या नाचाचे कोन फार बारकाईने मोजले. त्यांना आढळले की माशी दरवेळी थोडी चुकते. चूक काही अंशांचीच, पण ती कशीही होत नव्हती. दिवसाच्या कोणत्या वेळी किती चूक होणार याला एक नियम होता. मग त्यांनी पेटीभोवती तारेची मोठी वेटोळी बसवली आणि त्यांतून वीज सोडून पेटीपुरते पृथ्वीचे चुंबकत्व जवळजवळ शून्यावर आणले. चूक नाहीशी झाली. म्हणजे माशी सूर्याचा कोन सांगत असताना पृथ्वीचे चुंबकत्व तिला किंचित बाजूला ओढत होते. जे जाणवतच नाही ते कोणाला ओढू शकत नाही. एका लहानशा चुकीवरून एवढा मोठा शोध निघाला, हे मला वर्गात शिकवतानाही फार आवडत असे.

त्यांनी आणखी एक प्रयोग केला. पोळे आडवे ठेवले आणि सूर्यप्रकाश पूर्ण बंद केला. आडव्या पोळ्यावर ‘वर’ अशी दिशाच उरत नाही, आणि सूर्यही नाही. आधी माश्या वाटेल तशा नाचल्या. काही आठवड्यांनी मात्र त्यांचे नाच उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या चार दिशांना लागू लागले. वेटोळ्यांतील वीज सुरू करून पृथ्वीचे बळ घालवले की ही शिस्त मोडत असे.

मधपाळांना यापेक्षा अधिक पटेल अशी गोष्ट पोळी बांधण्याची आहे. आपली सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी लावते. ढोली फोडून वसाहत काढताना मी दरवेळी पाहते, सगळी पोळी एकमेकांना समांतर असतात, मध्ये माशीला फिरण्यापुरती गल्ली सोडलेली. हजारो माश्या काळोखात एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी मेण लावत असतात आणि त्यांना हुकूम देणारे कोणी नसते. आपण चौकटी घालून पेटी देतो तेव्हा दिशा आपण ठरवतो. पण युरोपीय माशीचा थवा गोल, रिकाम्या पिंपात सोडला तेव्हा त्याने पोळी त्याच दिशेने लावली, ज्या दिशेला त्यांच्या जुन्या घरातील पोळी होती. पिंपाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र फिरवले, तर नव्या पोळ्यांची दिशाही फिरली. कोपरा नाही, उजेड नाही, खूण नाही अशा जागी सर्वांना सारखीच जाणवणारी दिशा एवढीच होती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. हे बहुतेक प्रयोग युरोपीय माशीवर झाले आहेत, जिला आपल्याकडे मेलीफेरा म्हणतात. सातेरी तिची जवळची नातलग आहे. नाच तोच, पोळी लावण्याची पद्धत तीच. त्यामुळे मूळ गोष्ट दोघींना लागू धरायला हरकत नाही. आकडे मात्र मेलीफेराचे समजावेत.

जाणीव किती बारीक आहे हे १९८०च्या दशकात हवाई बेटांवर कळले. मायकेल वॉकर आणि बिटरमन या संशोधकांनी मोकळ्या उडणाऱ्या माश्यांना साखरपाण्याच्या दोन जागा दिल्या. दोन्ही दिसायला अगदी सारख्या. एकीभोवती लपवलेल्या वेटोळ्यातून थोडे जास्तीचे चुंबकत्व निर्माण केलेले. गोड पाणी कुठे मिळते हे माश्या चुंबकत्वावरून ओळखायला शिकल्या. मग तो फरक हळूहळू कमी करत नेला. सर्वांत तरबेज माश्यांना सुमारे २५ नॅनोटेस्लांचा फरकही कळत होता. चाळीस हजारांत पंचवीस म्हणजे सोळाशे भागांतला एक भाग. दिवसभरात पृथ्वीचे बळ जेवढे वरखाली होते त्याच्या आसपासचे हे माप आहे. सगळ्याच माश्या इतक्या तरबेज नसतात, पण बहुतेक शिकतात.

त्याच संशोधकांनी माश्यांच्या पाठीकडून, पोटाच्या पुढच्या भागावर चुंबकीय तारेचा बारीक तुकडा चिकटवून पाहिला. त्या माश्यांना फरक ओळखता येईना. तितक्याच वजनाचा तांब्याचा तुकडा चिकटवलेल्या माश्यांना काहीच अडचण आली नाही. म्हणजे वजनाचा त्रास नव्हता, चुंबकाचा होता. आणि जाणीव पोटात कुठेतरी होती.

पोटाकडे बोट आधीच दाखवले गेले होते. १९७८ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जेम्स गूल्ड, जोसेफ किर्शविंक आणि केनेथ डेफेस यांनी माशीच्या शरीरात चुंबकत्व धरून ठेवणारे द्रव्य असल्याचे दाखवले. ते पोटाच्या पुढच्या भागात अधिक होते. हे द्रव्य म्हणजे मॅग्नेटाइट, जुन्या मराठीत ज्याला अयस्कांत म्हणत, त्याचेच अतिसूक्ष्म कण. पुढे दिसले की पोटाच्या प्रत्येक वळ्यात काही पेशींमध्ये लोहाचे दाणे साठतात. पोळ्यातून नुकती बाहेर पडलेल्या माशीत ते थोडे असतात. माशी मोठी होते तसे वाढतात, आणि ती पेटीतली कामे सोडून बाहेर फुलांवर जाऊ लागते त्या वयाच्या सुमारास पुरते भरतात.

इथून पुढे मात्र शास्त्रज्ञांत बराच वाद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. लोह साठले म्हणजे ते दिशेसाठीच साठले असे होत नाही. आपल्या यकृतातही लोह साठते, म्हणून आपण काही उत्तर दिशा ओळखत नाही. १९९४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी लोहाच्या या दाण्यांतच चुंबकत्वाचे ज्ञान असल्याचे मांडले, तेव्हा दुसऱ्यांनी त्यांच्या पुराव्यावर लगेच बोट ठेवले. त्यानंतरचे महत्त्वाचे काम कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे. तिथे माश्यांना शिकवले गेले की चुंबकत्व बदलले की साखरपाणी मिळते. काही वेळाने नुसते चुंबकत्व बदलले तरी माशी सोंड बाहेर काढू लागली. मग पोटाकडून डोक्याकडे जाणारा मज्जातंतूंचा दोर तोडला, तेव्हा ही शिकवण चालेना. दुसऱ्या प्रयोगात माश्यांना क्षणभर अतिशय प्रबळ चुंबकाजवळ नेले, तर शिकलेली जागा त्यांना चुंबकत्वावरून सापडेना. कणांचे मूळ चुंबकत्व विस्कटले आणि होकायंत्र बिघडले, असा त्याचा सरळ अर्थ. २०१६ आणि २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कण मज्जातंतूला खबर कशी देतो? चित्र डोळ्यांसमोर आणायचे तर असे: पेशीच्या पातळ पडद्याला दोऱ्याने बांधलेली अतिसूक्ष्म सुई. माशी वळली की पृथ्वीचे बळ सुईला आपल्या बाजूला ओढते, दोरा पडद्याला ताण देतो आणि पेशी मज्जातंतूला ते कळवते. हे चित्र सर्वांत पटणारे आहे. पण ती बांधणी जिवंत माशीत कोणी अजून डोळ्यांनी दाखवलेली नाही. पक्ष्यांबाबत दुसरा एक विचार मांडला जातो, की डोळ्यातील काही प्रथिने उजेडात चुंबकत्व ओळखतात. त्याला उजेड लागतो. पेटीतल्या किर्र काळोखात पोळी लावणाऱ्या माशीला त्याचा उपयोग काय, असा प्रश्न पडतोच.

एवढे उत्तम होकायंत्र पोटात असताना माशी हरवते कशी, असे कोणी विचारेल. याचे उत्तर प्रत्येक मधपाळाला ठाऊक आहे, फक्त त्याने ते या शब्दांत मांडलेले नसते. मांडलेली पेटी दिवसा उचलून वीस-पंचवीस पावलांवर ठेवून पाहा. बाहेर गेलेल्या माश्या परत येतील त्या जुन्या जागी. तिथे रिकाम्या हवेत घिरट्या घालतील आणि पेटी समोर दिसत असूनही तिच्यात जाणार नाहीत. म्हणून आपण शिकवतो, पेटी हलवायची तर रोज हातभर हलवा, नाहीतर रात्री दार बंद करून दोन-तीन किलोमीटर लांब न्या. वीस पावलांत पृथ्वीचे चुंबकत्व बदलत नाही. बदलते ती आंब्याच्या खोडाची, कुंपणाची, घराच्या पाख्याची जागा. माशीचा मुख्य भरवसा या खुणांवर आणि सूर्यावर आहे. ढग असले तरी निळ्या आभाळाचा एखादा तुकडा तिला पुरतो. त्या प्रकाशाच्या ठेवणीवरून ती सूर्याची जागा काढते.

मग होकायंत्र कशाला? त्याचेही एक सुंदर उत्तर इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये दिले. कॉलेट आणि बॅरन यांनी पाहिले की खुणेजवळची जागा शोधताना माशी दरवेळी तोंड एकाच दिशेला करून थांबते. चुंबकीय क्षेत्र फिरवले की तिचे तोंडही फिरते. आपण एखादे घर लक्षात ठेवतो तेव्हा दरवेळी त्याच बाजूने पाहिले तर पटकन ओळखतो, तसेच. होकायंत्र तिला वाट दाखवत नाही. खुणा नीट पाहता याव्यात म्हणून तिचे अंग सरळ धरून देते. दुसरा उपयोग काळोखात, पोळी लावताना. तिसरा बहुधा सूर्य मदतीला नसेल तेव्हा. आपल्या भागात मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि ‘सूर्याच्या उजवीकडे’ या बोलण्याला काही अर्थच राहत नाही. लिंडाउअर यांनी श्रीलंकेत आपल्याकडच्या जातींच्या माश्यांवर काम केले होते. सूर्य माथ्यावर आला की तेवढा वेळ माश्यांची दिशा गोंधळते, असे उष्ण प्रदेशांत पाहिले गेले आहे. ती घटकाभर वाट पाहते. घाई नसते तिला.

आता टॉवर.

माशीच्या होकायंत्राची एक मर्यादा किर्शविंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मोजली. स्थिर किंवा सावकाश बदलणारे चुंबकत्व माशीला बारीक कळते. पण ते जितक्या वेगाने मागेपुढे हेलकावे तितकी तिची जाणीव झपाट्याने बोथट होते. पोटातल्या त्या सुईला इकडून तिकडे वळायला वेळ लागतो, असे समजा. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मोबाइलच्या लहरी सेकंदाला नव्वद कोटी वेळा आणि त्याहूनही अधिक. इतक्या वेगाला ती सुई जागची हलूच शकत नाही. म्हणून ‘टॉवरने होकायंत्र बिघडते’ हे म्हणणे या यंत्रणेशी जुळत नाही.

मग हे बोलणे आले कुठून? जर्मनीतील लांडाऊ येथे एका लहान प्रयोगात घरगुती बिनतारी फोनचे बैठे यंत्र थेट पेटीत ठेवले होते. २००७ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने त्याची बातमी मोबाइलच्या नावाने दिली आणि ती जगभर पसरली. आमचा प्रयोग मोबाइलचा नव्हता, असे त्या संशोधकांनी स्वतः सांगितले. पण खुलासा बातमीइतका पळत नाही. याच्याच जोडीला आइन्स्टाइन यांच्या नावावर एक वाक्य फिरते, की माश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. आपल्यालाही ते फोनवर आले असेल. ते त्यांच्या कोणत्याही लेखनात सापडत नाही. १९५५ मध्ये ते वारले आणि हे वाक्य दिसू लागले १९९४ च्या सुमारास, ब्रुसेल्समधील मधपाळांच्या निदर्शनात.

उच्च दाबाच्या विजेच्या तारांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे मी सावध राहायला सांगेन. अमेरिकेत ७६५ किलोव्होल्टच्या तारांखाली ठेवलेल्या पेट्यांतील माश्या बेचैन झाल्या, राण्या गेल्या. तपासाअंती कळले की त्रास चुंबकत्वाचा नसून विद्युत क्षेत्राचा होता. ओलसर पेटीत माश्यांना बारीक झटके बसत होते. पेटीवर जमिनीशी जोडलेली तारेची जाळी टाकली की त्रास थांबे. २०२३ मध्ये चिलीतील संशोधकांनी वीज चालू असलेल्या आणि बंद असलेल्या मनोऱ्यांजवळची तुलना केली. चालू मनोऱ्यांजवळ माश्यांच्या शरीरात ताणाची खूण असलेले प्रथिन अधिक होते आणि त्या फुलांवर कमी येत होत्या. म्हणून डोंगरावरून गेलेल्या मोठ्या मनोऱ्यांच्या तारांखाली आपण पेटी ठेवत नाही. पाड्यावरच्या साध्या खांबाची किंवा घराच्या पत्र्याची चिंता नको. पेटीतले खिळे आणि चौकटीच्या तारा यांच्याशी माश्या कित्येक पिढ्या जुळवून घेत आल्या आहेत.

मागच्या भाद्रपदात एका पाड्यावर दोन पेट्या रिकाम्या झाल्या. टॉवर समोरच्या टेकडीवर दिसत होता. पेटीचे मालक वयस्कर आहेत. ते म्हणाले, “बाई, टॉवरनं नेल्या माश्या. आता पेटी नको.” मी म्हटले, “बाबा, आधी पेटी उघडून बघू.” रिकामी पेटी पुष्कळ काही सांगते. बाहेर गेलेल्या माश्या वाट चुकून परत आल्या नसत्या, तर आत राणी असती, तिच्याभोवती लहान वयाच्या मूठभर माश्या असत्या, घरांत पिल्ले असती आणि थोडातरी मध असता. कारण बाहेर जातात त्या वयस्क माश्या. राणी आणि पिल्ले कुठे जाणार? इथे राणी नव्हती, पिल्लू एकही नव्हते, मधाचा थेंब नव्हता, तळाला मेलेली माशीही नव्हती. पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी पसरली होती. सातेरी उपाशी राहिली किंवा मेणकिड्याने, मुंग्यांनी हैराण झाली की राणीचे अंडे घालणे थांबते. असलेली पिल्ले मोठी होऊ दिली जातात, उरलासुरला मध पोटात भरला जातो आणि मग एका दिवशी सगळी वसाहत उठून जाते. वाट चुकलेल्यांची ही लक्षणे नव्हेत; ठरवून घर बदलल्याची आहेत. त्यांनी स्वतःच पोळे हातात घेऊन वळवून पाहिले आणि विचारले, “मग पाक कमी पडला का?” पाऊस सलग लागला होता आणि तीन आठवडे कोणाला पेटीपर्यंत जाता आले नव्हते. त्यांना टॉवर हटवता आला नसता. पाक घालता येतो.

आपल्या पेट्यांना खरी भीती कशाची, ते यावरून ध्यानात येईल. पावसाळ्यातली उपासमार पहिली. मेणकिडा दुसरा. तिसरी फवारणी, फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी औषध मारले की दुपारी पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा थर दिसतो. चौथा पिल्लांचा थाई सॅक ब्रूड हा विषाणूचा रोग. १९९१ च्या सुमारास तो दक्षिण भारतात आला आणि तिथल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती त्याने नेल्या. पिल्लू टोकाशी पाणी साचलेल्या पिशवीसारखे दिसले की ती पेटी वेगळी करायची आणि तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालायच्या नाहीत.

यंदा ज्या कुटुंबांना पेट्या द्यायच्या आहेत त्यांना जागा दाखवून झाल्या आहेत. वसाहती दिवाळीनंतर, फुलोरा सुरू झाल्यावर भरू. त्या आजोबांनी एक पेटी परत मागितली आहे. पावसाळ्यात पेटी घराच्या पडवीत आणून ठेवायची, म्हणजे चिखलातून जावे लागणार नाही, असे त्यांनीच सुचवले. पडवी पेटीच्या जागेपासून पन्नास-साठ पावलांवर आहे. तेव्हा आधी रात्री दार बंद करून तिला लांबच्या पाड्यावर त्यांच्या मुलीकडे न्यायचे, तीनेक आठवडे तिथे ठेवायचे आणि मग पडवीत आणायचे, असे ठरले आहे.